बाबा चालू मिक्सर का उघडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, पुण्यात तुमच्याकडेच राहतात. गेल्या वर्षभरात त्यांनी टेबल फॅन, इस्त्री आणि भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि परवा चांगला चालणारा मिक्सर उघडून बसले. पंखा आणि इस्त्री चालू आहेत, घड्याळ कायमचं थांबलं, मिक्सर परत जोडल्यापासून खालून ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. आता त्यांची नजर गीझरवर आहे. हे थांबवायचं कसं, आणि हा काही मानसिक प्रकार तर नाही ना, असं तुम्ही विचारताय. शेवटी जाता जाता मिक्सर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हेही विचारलंय.

माझं सांगलीत घरगुती विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक पिशवीतून सुटे भाग घेऊन येतं आणि सांगतं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." स्क्रूच्या डोक्यावरची झिजलेली फुली बघितली की कळतं, घरात कुणाचे तरी हात शिवशिवलेत. तुमच्या वडिलांसारखी माणसं मला वर्षानुवर्षं भेटत आलीत, बहुतेक वेळा त्यांच्या घरच्यांच्या तक्रारीतून.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकात एक अडकल्यात, त्या आधी सुट्या करू. बाबा वस्तू उघडतात, ही एक. ते तुमच्या रोजच्या वापरातली वस्तू उघडतात, ही दुसरी. आणि जिवावर बेतेल अशी वस्तू उघडायच्या बेतात आहेत, ही तिसरी. पहिलीबद्दल काही करायचं कारण नाही. दुसरी हा घरातला वाटणीचा तंटा आहे, तो बोलून मिटतो. तिसरीत मात्र तडजोड नाही. तुम्ही तिन्हींवर एकच उपाय शोधताय, म्हणजे "बाबा, हात लावू नका". तो पहिल्या दोन्हींना लागू पडत नाही, त्यामुळे तिसऱ्या वेळीही ऐकला जात नाही. ज्या घरात सगळ्यालाच बंदी असते, तिथले आजोबा घरचे लग्नाला गेले की गीझर उघडतात. हे मी अंदाजानं सांगत नाहीये.

"बिघडलेलं उघडलं असतं तर समजलं असतं, चालू का उघडायचं?" असं तुम्ही लिहिलंय. धंद्याच्या बाजूनं बघितलं तर चालूच उघडायला हवं. आयटीआय करून कुणी पोरगा माझ्याकडे शिकायला आला की मी त्याच्या हातात आधी धडधाकट मिक्सर देतो. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, बोटानं फिरवलं की किती अलगद फिरतं, त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या चांगल्या बुशचा आवाज कसा असतो, त्याला वीज पोचवणाऱ्या, नीट बसलेल्या कार्बनपाशी ठिणगी किती बारीक असते, हे आधी बोटांना आणि कानांना माहीत पाहिजे. बिघडलेलं मशीन फक्त बिघाड दाखवतं. निरोगी नाडी कधी हाताला लागलीच नसेल तर ताप कशावरून ओळखणार? तुमच्या बाबांना हे कुणी शिकवलेलं नाही, पण त्यांच्या हातांनी वाट बरोबर धरलीय. फक्त मिक्सर तुमचा होता आणि सकाळी चटणी करायची होती.

दुसरी गोष्ट त्यांच्या नोकरीची. बँकेत जन्म गेलेल्या माणसानं अख्खं आयुष्य आकडे आणि सह्या हाताळलेल्या असतात. खतावणी जुळली तर समाधान होतं, पण हातात काही फिरत नाही. पंख्याची जाळी काढून पातं हातानं फिरवलं की ते फिरतं, तेल दिलं की आणखी सहज फिरतं. केलेल्या कामाचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. माझ्याकडे बसायला येणाऱ्यांत, म्हणजे खुर्ची ओढून नुसतं बघत बसणाऱ्यांत, निवृत्त मास्तर, कारकून आणि हिशेबनीसच जास्त असतात. फिटर निवृत्त झाला की शेतीकडे वळतो.

या ओढीला कुठलंही कारण लागत नाही, यावर एक जुना प्रयोग आहे. १९५० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांपुढे खिट्टी, आकडा, कडी असं एकमेकांत अडकवलेलं यांत्रिक कोडं ठेवलं. सोडवल्याबद्दल खायला काही मिळत नव्हतं. तरी माकडं ते दिवसेंदिवस उघडत राहिली आणि चांगली तरबेज झाली. हार्लोंनी वस्तू हाताळण्याची ओढ ही भूक-तहानेसारखी स्वतंत्र प्रेरणा मानली. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: कोड्यात खाऊ ठेवला तेव्हा कामगिरी सुधारण्याऐवजी बिघडली, कारण लक्ष कड्यांवरून खाऊवर गेलं. घरात नेमकं हेच होतं. बाबांनी पंखा नीट केला की आई म्हणते, "वाचले की हो तीनशे रुपये!" मग शेजारच्या काकू त्यांचा पंखा आणून देतात, संध्याकाळपर्यंत हवा म्हणतात, आणि ज्या माणसाला सावकाश बघायचं होतं तो घाईनं स्क्रू आवळायला लागतो. तेव्हा एक विनंती: त्यांना घरचा मेकॅनिक करू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नको.

मानसिक प्रकाराबद्दल. मी डॉक्टर नाही, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रुग्णांमध्ये डोपामिन वाढवणाऱ्या औषधांमुळे एक लक्षण दिसतं, त्याला पंडिंग म्हणतात. माणूस तासन्तास, रात्र-रात्र वस्तू सुट्या करत बसतो, भागांची वर्गवारी लावतो, परत मोडतो. त्यामागे हेतू नसतो, जेवणा-झोपेचं भान राहत नाही, मध्ये थांबवलं तर चिडचिड होते. बाबांना अशी औषधं चालू असतील आणि ही सवय त्यानंतर आली असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा; औषध मात्र परस्पर बंद करू नका. तसंच, पूर्वी सहज जमणाऱ्या साध्या गोष्टींचा क्रम आता चुकतोय, तीच वस्तू उघडल्याचं विसरून परत उघडतायत, असं असेल तरी तपासणी करून घ्या. तुम्ही लिहिलंय की घड्याळ थांबल्यावर ते दोन दिवस वरमून होते आणि मिक्सर जोडताना त्यांनी कुठला स्क्रू कुठला हे कागदावर लिहून ठेवलं होतं. मला तरी ही भानावर असलेल्या माणसाची लक्षणं वाटतात.

आता ज्याच्यावर वाद घालायचा नाही तो भाग. गीझर नाही. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी पुरेसं तापलं की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट असतो, तो बिघडला तर वीज तोडणारा वेगळा कटआउट असतो, आणि दाब वाढला तर सोडायला व्हॉल्व्ह असतो. ही तीन कुलपं मुद्दाम लावलेली असतात. हौशी माणूस काय करतो, गीझर वारंवार बंद पडतोय म्हणून कटआउट डायरेक्ट करतो, म्हणजे तो वगळून तार थेट जोडतो. गरम पाणी येतं, घरचे खूश होतात. मग कधीतरी थर्मोस्टॅट चिकटतो आणि बंद टाकीतलं पाणी उकळीच्या पुढे जातं. टाकी फुटण्याचे अपघात अशा रीतीनं होतात. शिवाय तिथे पाणी, वीज आणि ओलं अंग एकत्र असतं, अर्थिंग सुटलेलं असेल तर नळाच्या धारेतून शॉक बसतो.

मायक्रोवेव्ह तर बंद करून, प्लग काढूनही उघडायचा नाही. आतला ट्रान्सफॉर्मर २००० व्होल्टच्या आसपास देतो आणि कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. मी स्वतः तो उघडला की आधी कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवतो, मग बाकीचं बघतो, आणि दुकानातल्या नव्या पोराला त्याच्या जवळ उभंही राहू देत नाही. माळ्यावर जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर तोही याच यादीत. रंगीत ट्यूबला २५,००० व्होल्टपर्यंत दाब असतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचायची नाही, वाकवायची नाही, उघडून आत काय आहे ते बघायचं नाही. ती पेटते आणि विझता विझत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच म्हणून लोक निर्धास्त असतात. शॉक बसत नाही हे खरं, पण दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो, आणि बोटात अंगठी असेल तर बोट भाजून निघतं. चार्जिंगच्या वेळी त्यातून हायड्रोजनही निघत असतो.

बाबांना हे "तुमचं वय झालं" असं म्हणून सांगू नका. कारणासकट सांगा. कंडेन्सर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो, हे ऐकल्यावर खुडबुड्या माणसाला राग येत नाही, त्याचे कान टवकारतात. हवं तर माझं उत्तरच वाचायला द्या.

बंदीची यादी छोटी ठेवली की उरलेलं मोकळं सोडता येतं, आणि ते पुष्कळ आहे. त्यांना एक टेबल द्या. गॅलरीतला कोपरा चालेल, पण तो त्यांचाच हवा, कारण अर्धवट उघडलेली वस्तू रात्री उचलून ठेवावी लागली की भाग हरवतात आणि भांडणं होतात. निम्म्या घरांतला तंटा टेबलावरच मिटतो, हा माझा अनुभव आहे. पुण्यात आहात तर भंगाराला तोटा नाही. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे बंद पंखे, रेडिओ, टेपरेकॉर्डर मिळतात. सुटे भाग बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळतात. मुंबईकरांना जशी लॅमिंग्टन रोड, तशी तुम्हाला ही. महिन्याला थोडी रक्कम त्यांच्या नावानं वेगळी ठेवा आणि तिचा हिशेब विचारू नका. त्या पैशातून आणलेली वस्तू मोडली तर ती त्यांची मोडली. मिक्सर उघडला तेव्हा तुम्हाला राग आला तो खुडबुडीचा नव्हता, न विचारल्याचा होता, आणि तो रास्त होता. तेव्हा नियम एकच ठेवा: घरात वापरात असलेली वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही.

सुरुवात सेलवर चालणाऱ्या वस्तूंनी करा. रेडिओ मला सर्वांत आवडतो. मध्यम लहरींचा साधा रेडिओ स्वतः जुळवला, काळ्या फेराइटच्या दांडीवरची तारेची गुंडाळी पुढेमागे सरकवली आणि ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र खरखरत लागलं, तर त्या माणसाला पुढचे सहा महिने मिक्सर आठवत नाही. यासाठी डाग द्यायला, म्हणजे तारा कथिलानं जोडायला, २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री, कथील, पेस्ट आणि वीज व जोड तपासणारा एक साधा मल्टिमीटर पुरतो. डाग देताना खिडकी उघडी हवी, आणि साध्या कथिलात शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

मग घरच्या विजेवरच्या वस्तू. त्याआधी घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की ती तोडणारा स्विच, आहे का बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, हा खर्च बाबांसाठी नाही, अख्ख्या घरासाठी आहे. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. अंगातून वीज जमिनीकडे गेली तर तो क्षणात वीज तोडतो. पण एका हातात फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल, म्हणजे परत नेणारी तार, धरली, तर त्याला तुमच्यात आणि बल्बमध्ये फरक कळत नाही. इथे एक गैरसमज आमच्या धंद्यातल्या लोकांमध्येही आहे. बाबांना कुणीतरी सिरीज बोर्ड करायला सांगेल, आणि तो करावाच: १०० वॉटचा तारेचा बल्ब मशीनच्या आधी सिरीजमध्ये लावायचा, मशीन आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन व फ्यूज वाचतात. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. पण सिरीज बोर्ड मशीन वाचवतो, माणूस वाचवत नाही. त्या बल्बमधून ४०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ शकतो, आणि माणसाला त्याच्या दहाव्या भागानंही धोका होतो. म्हणून उघडं मशीन हातात असताना प्लग बोर्डातून काढलेला आणि डोळ्यांसमोर ठेवलेला हवा. स्विच बंद केला एवढ्यावर भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर सापडतो, म्हणजे तो बंद केला तरी फेज मशीनपर्यंत येतच राहते.

शिकायला छताचा जुना पंखा चांगला. पंखा हळू फिरतोय या तक्रारीत बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, साधारण २.५ मायक्रोफॅरॅडचा, किरकोळ किमतीत मिळतो. खाली उतरवून टेबलावर ठेवलेल्या पंख्यावर शिकायचं, शिडीवर चढून नाही. नवे बीएलडीसी पंखे मात्र वेगळे. त्यात सर्किट असतं आणि घरची वीज डीसी करून घेतल्यामुळे आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. ते सध्या नकोत. टेबल फॅन बाबांनी उघडलाच आहे, म्हणजे पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात हे त्यांना कळलं असणार. सायकलच्या डाव्या पेडलचेही तसेच. फिरण्याच्या दिशेमुळे नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ते उलटे कापलेले असतात. हे समजून घेण्याआधी माणूस जोर लावतो आणि आटे खातो. जोर लावावा लागतोय म्हणजे कुठेतरी लपलेला स्क्रू, कप्पा किंवा उलटा आटा आहे, एवढं त्यांना सांगा.

उघडण्यापेक्षा बंद करणं अवघड, आणि तिथेच हौशी लोक मार खातात. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा. बाबांचा कागद चांगलाच आहे, पण कुठली तार कुठून वळली होती हे कागदावर येत नाही. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवायचे, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी बसवला तर तो आत वायंडिंगला, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीला, टोचतो. बंद केल्यावर एक जरी स्क्रू उरला तरी प्लग लावायचा नाही. आणि पहिल्यांदा प्लग लावण्याआधी धातूचं अंग आणि पिन यांच्यात मल्टिमीटरनं बघायचं: अर्थच्या पिनेशी जोड असलीच पाहिजे, बाकी दोन पिनांशी असता कामा नये. इस्त्रीच्या बाबतीत हे आजच करून घ्या, ती आधीच उघडून झालीय आणि घरातले सगळे वापरतायत.

घड्याळाचं सोडून द्या असं म्हणणार होतो, पण ते सोपं आहे. सेलवरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्या शेजारी केसाहून बारीक तारेची गुंडाळी असते आणि प्लास्टिकची चाकं एकमेकांत जेमतेम बसलेली असतात. उघडताना चाक तिरकं झालं असेल किंवा तार तुटली असेल. ते दुरुस्त करत बसायचं नसतं, अख्खं मशीन शंभर-दीडशे रुपयांत बदलून मिळतं. मधल्या दांड्याची लांबी जुन्याशी जुळवून आणायची. तुटलेलं मशीन मात्र बाबांना ठेवू द्या.

थोडं पुढचं सांगतो, घाई नाही. हात बसला की शाळेत विचारून बघा. नीती आयोगानं सहावी ते बारावीच्या मुलांसाठी देशभर शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब काढल्यात. साहित्य असतं, पण मुलांसोबत बसून स्क्रू कुठे गेला ते शोधणारं मोठं माणूस दरवेळी असतंच असं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमालाही एकदा घेऊन जा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ मध्ये सुरू केला आणि तिथे मुलं हातानं करूनच शिकतात. बाबांना तिथे परकं वाटणार नाही.

आता मिक्सर. नवा घेऊ नका, निदान अजून नको. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं बाबांनी साफ करायला दोन्ही कार्बन काढले आणि बसवताना फिरवून किंवा अदलाबदल करून बसवले. जुना कार्बन आर्मेचरवरच्या तांब्याच्या गोलाईप्रमाणे झिजलेला असतो. तो उलटा बसला की फक्त कडेनं टेकतो, म्हणून ठिणग्या आणि वास. प्लग काढून, मिक्सर उलटा करून, कार्बनची गोलाई तांब्याच्या गोलाईला बसतेय का ते बघायचं आणि मागची स्प्रिंग सरळ आहे ना ते तपासायचं. कार्बन फार आखूड झाले असतील तर दोन्ही बदलायचे, एकच नाही, आणि दुकानात जाताना जुना नमुना न्यायचा, कारण मापं वेगवेगळी असतात. नंतर भांडं न लावता, कमी वेगावर, थोडं थांबत थांबत चालवला की कार्बन बसतात. ठिणग्या बारीक होत गेल्या तर काम झालं. तांब्याभोवती गोल कडं पेटल्यासारखं दिसत राहिलं तर आर्मेचर बघावं लागेल, मग तो जवळच्या चांगल्या कारागिराकडे न्या. बाबांना सोबत न्या, आणि कारागिराला विचारून त्यांना तिथे बसू द्या.